पीएफ, मेडिक्लेम, ग्रॅच्युइटी झेपेना. माणसं ठेकेदाराकडे लावू का?

पत्र

नमस्कार. शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशीनिंग करून आम्ही ट्रॅक्टरचे पार्ट्स पुरवतो. सासऱ्यांनी उभं केलेलं हे काम ते थकल्यापासून मी बघते. कामगार २७ आहेत. त्यांतले १८ ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेत आहेत आणि ९ जणांचा पगार तिच्या २१,००० च्या मर्यादेच्या वर आहे. सरासरी नोकरी नऊ वर्षांची.

सासऱ्यांनी सगळ्यांसाठी ग्रुप मेडिक्लेम सुरू केला होता. त्यात कामगार, बायको, मुलं आणि आईवडील, पाच लाखांपर्यंत. गेल्या वर्षी हप्ता ३ लाख ९० हजार होता. यंदाचं कोटेशन ५ लाख ६० हजारांचं आलंय, वर जीएसटी. आमचे सर्वांत जुने फिटर ३१ वर्षांच्या नोकरीनंतर ऑक्टोबरमध्ये ५८ व्या वर्षी निवृत्त होतायत. त्यांची ग्रॅच्युइटी अकाउंटंटने २ लाख ८६ हजार काढली. ती बाजूला ठेवलेली नाही. त्यात आमचा माल घेणाऱ्या कंपनीचं पेमेंट नव्वद-नव्वद दिवस येत नाही, म्हणून गेल्या वर्षी दोनदा पीएफ उशिरा भरला.

आमचे सल्लागार म्हणतात, दहा जणांना ठेकेदाराच्या नावावर दाखवा, संख्या वीसच्या खाली आणा, पीएफची कटकटच मिटेल. काही कामगारसुद्धा म्हणतात, ‘पीएफ कापू नका वहिनी, हातात द्या.’ कंपनीकडून मिळणारा रेट तीन वर्षांत वाढलेला नाही. नव्या व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) तीन पोरं घ्यायची आहेत, पण धाडस होत नाही. काय करू?

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी ठेकेदाराचं बोलू, कारण तो सल्ला तुम्ही अमलात आणलात तर बाकीचं सांगून उपयोग नाही. पीएफचा कायदा वीस माणसांना लागतो हे खरं. पण एकदा लागला की संख्या वीसच्या खाली आली तरी तो सुटत नाही. उद्या तुमच्याकडे पाचच माणसं उरली तरी त्या पाच जणांचा पीएफ भरावाच लागेल. ईएसआयचंही तसंच आहे. शिवाय ठेकेदाराच्या नावावर असलेली माणसंही तुमच्याच कारखान्यात काम करणारी म्हणून मोजली जातात आणि ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर वसुली मूळ मालकाकडून, म्हणजे तुमच्याकडून होते. माणूस तोच, मशीन तेच, सुपरवायझर तोच आणि फक्त मस्टर दुसऱ्याचं, हा बनाव चौकशीत टिकत नाही. ठेकेदाराचं कमिशन वर द्यायचं ते वेगळंच. सल्लागाराने तुम्हाला आगीतून फुफाट्यात जायची वाट दाखवली आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी मला हे पटत नाही. नऊ-नऊ वर्षं तुमच्याकडे राबलेल्या माणसाला एका सकाळी सांगायचं की आजपासून तू आमचा नाहीस, आणि मग त्याच्याकडून दोन शतांशाच्या टॉलरन्समध्ये बोअर मागायचा? हातातलं कसब ही तुमच्या शॉपची खरी मालमत्ता आहे. ती माणसं शेजारच्या शेडमध्ये गेली तर नवी व्हीएमसी नुसती उभी राहील.

आता खर्चाकडे येऊ. तुम्ही पीएफ, ईएसआय, मेडिक्लेम आणि ग्रॅच्युइटी एकाच दमात लिहिलंत आणि सगळंच वाढतंय असा तुमचा समज दिसतो. चारही वेगवेगळे आहेत. पीएफचा मालकाचा वाटा १२ टक्के आहे आणि तो १५,००० रुपयांच्या मर्यादेवर भरला तरी कायद्याला चालतं. ही मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून तशीच आहे. ईएसआयचा मालकाचा वाटा तर १ जुलै २०१९ ला ४.७५ वरून ३.२५ टक्क्यांवर आला, म्हणजे कमी झाला. दरवर्षी उसळी मारतोय तो मेडिक्लेम. आणि गुपचूप साचत गेलेली आहे ती ग्रॅच्युइटी. सगळं खापर पीएफवर फोडून भागणार नाही.

तरी पीएफमध्ये तुमच्याकडे एक कच्चा दुवा असणार, असं मला वाटतं. पगारपत्रक तुम्ही पाठवलेलं नाही, पण फिटरच्या ग्रॅच्युइटीच्या आकड्यावरून अंदाज येतो. २ लाख ८६ हजार ही रक्कम १६,००० रुपयांवर ३१ वर्षांची निघते. ज्याला सगळं मिळून बत्तीस-तेहतीस हजार पगार असेल त्याचा बेसिक आणि महागाई भत्ता १६,००० आणि बाकी घरभाडे नि ‘इतर भत्ता’, अशी फोड आपल्याकडे सर्रास असते. इतर भत्ता फुगवायचा, बेसिक दाबून ठेवायचं, म्हणजे पीएफ कमी. हा मार्ग आता बंद झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ च्या निकालात स्पष्ट केलं की सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता पीएफसाठी पगारच धरायचा. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत वेतनाची व्याख्याच बदलली. घरभाडे, प्रवासभत्ता, ओव्हरटाइम असे ठरावीक घटक वगळता येतात, तेही एकूण मोबदल्याच्या निम्म्यापर्यंतच. ‘इतर भत्ता’ त्या वगळलेल्या यादीत नाही.

म्हणून फिटरचा हिशेब पुन्हा करायला सांगा. घरभाडे वजा जाता त्यांचं वेतन २६,००० धरलं, तर २६,००० ला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, पुन्हा ३१ ने गुणायचं. होतात ४ लाख ६५ हजार. तुमच्या अकाउंटंटच्या आकड्यापेक्षा पावणेदोन लाखांहून जास्त. तुमच्या पगारपत्रकातल्या खऱ्या आकड्यांवर हे बसवून बघा, पण तयारी मोठ्या रकमेची ठेवा. निवृत्तीनंतर ३० दिवसांत ती त्यांच्या हातात पडली पाहिजे.

हा एकच माणूस झाला. २७ जणांचं वेतन सरासरी १७,००० आणि नोकरी सरासरी नऊ वर्षं धरली, तर आजमितीला तुमच्या डोक्यावर ग्रॅच्युइटीचं देणं चोवीस लाखांच्या घरात आहे. ते कुठल्याही चलनात दिसत नाही, म्हणून कुणी बोलत नाही. एखादा निवृत्त झाला की मशीनच्या हप्त्यातून नाहीतर बँकेच्या ओव्हरड्राफ्टमधून पैसे काढायचे, ही आपल्याकडची रीत. चाळीस-पंचेचाळीस वयाची पाच-सहा माणसं पुढे एकापाठोपाठ निवृत्त होतील तेव्हा ही रीत कंबरडं मोडेल. एलआयसी किंवा दुसऱ्या आयुर्विमा कंपनीची ग्रुप ग्रॅच्युइटी योजना घ्या, त्यासाठी मान्यताप्राप्त ट्रस्ट करा. नुसती वहीत तरतूद दाखवली तर आयकरात वजावट मिळत नाही, मान्यताप्राप्त फंडात भरलेल्या रकमेवर मिळते. मागच्या वर्षांचं सगळं एकदम भरणं शक्य नाही हे मला कळतं. चालू वर्षाचं नियमित भरा आणि मागचं टप्प्याटप्प्याने जिरवा, सुरुवात पन्नाशी ओलांडलेल्यांपासून करा. ठरावीक मुदतीवर घेतलेल्या कामगाराला नव्या संहितेत एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटी लागू होते, हेही नवी पोरं घेताना लक्षात ठेवा.

आता एक हिशेब माझ्याबरोबर करा, अगदी कागद-पेन घेऊन. एक सीएनसी ऑपरेटर घ्या. महिना २०,०००, त्यात बेसिक आणि महागाई भत्ता १०,०००, घरभाडे ३,०००, इतर भत्ता ७,०००. पीएफसाठी त्याचं वेतन १७,००० होतं, मर्यादा १५,००० ची, म्हणून तुमचा वाटा १,८००. पीएफबरोबरच्या आयुर्विम्याची, म्हणजे ईडीएलआयची, वर्गणी ७५. प्रशासकीय आकार ७५. ईएसआय जास्तीत जास्त ६५०. हे झाले २,६००. ग्रॅच्युइटीची महिन्याची तरतूद साधारण ८१७. एकूण ३,४१७. महिन्याचे २६ दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०८ तास. तासाला साडेसोळा रुपयांच्या आसपास.

तुमच्या कोटेशनमधल्या मशीन अवर रेटमध्ये हे साडेसोळा रुपये आहेत का? मला शंका आहे. बहुतेक जॉबवर्कवाले मशीनचा हप्ता, वीज, टूलिंग आणि हातात पडणारा पगार धरतात. बाकीचं ‘ओव्हरहेड’ म्हणून एक ठोकळ टक्का लावून मोकळे होतात आणि तो टक्का दहा वर्षांपूर्वीचा असतो. मग खरेदी खात्याने दोन टक्के कमी करायला लावले की ते थेट या साडेसोळा रुपयांतून जातात. तुमच्या गळ्याशी आलेलं पाणी तिथून आलं आहे. पुढच्या कोटेशनमध्ये वैधानिक देण्यांची स्वतंत्र ओळ टाका आणि तिचा हिशेब जोडा. मोठ्या कंपन्या व्हेंडर ऑडिटला पीएफ-ईएसआयची चलनं मागतात. जी कंपनी चलन मागते तिला त्या चलनाचा खर्च रेटमध्ये दाखवायला संकोच कसला? सगळं मिळेल असं मी म्हणत नाही. पण आजवर तुम्ही मागितलंच नव्हतं, निदान मोजून मागितलं नव्हतं. आणि रेट तीन वर्षं गोठलेला असताना कामगाराच्या म्हातारपणाला हात घालणं ही वाटाघाटीतली हार चुकीच्या माणसाकडून वसूल करणं आहे.

याच कारणासाठी उशिरा येणाऱ्या पेमेंटचंही मनावर घ्या. तुमची उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) असेल तर ४५ दिवसांच्या आत पैसे देणं खरेदीदारावर कायद्याने बंधनकारक आहे. उशीर झाला तर त्याला त्या खर्चाची आयकर वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच मिळते. मार्चअखेर जवळ आली की हा मुद्दा त्यांच्या अकाउंट्स खात्याला आपोआप पटतो. इनव्हॉइसवर उद्यम क्रमांक छापा.

पीएफ उशिरा भरल्याबद्दल मात्र मी तुम्हाला स्पष्ट बोलणार आहे. तुमचा वाटा उशिरा गेला तर व्याज आणि दंड, एवढ्यावर निभावतं. पण कामगाराच्या पगारातून कापलेले १२ टक्के तुमचे नाहीतच. कापून न भरणं हा फौजदारी गुन्हा ठरू शकतो. शिवाय मार्च २०२६ पर्यंतच्या नियमाने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेनंतर भरलेल्या त्या रकमेची आयकर वजावट कायमची जायची, नंतर भरूनही परत मिळायची नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं होतं. पगाराच्या दिवशीच कापलेली रक्कम वेगळ्या खात्यात टाका. त्या खात्याचं चेकबुक धंद्याच्या रोजच्या व्यवहारासाठी वापरूच नका.

‘पीएफ नको, हातात द्या’ म्हणणाऱ्या कामगारांचा मला राग येत नाही. घरात महिन्याची तोंडमिळवणी होत नसते, मुलाची फी असते, तेव्हा १,८०० रुपये मोठे वाटतात. पण एकदा सभासद झालेल्याला नोकरीत असताना बाहेर पडता येत नाही, हे त्यांना सांगा. आणि हेही सांगा की या पैशांमागे काय आहे. तुमच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, उरलेले त्याच्या खात्यात. नोकरीत असताना माणूस दगावला तर ईडीएलआयमधून कुटुंबाला जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत मिळतात, त्यासाठी कामगाराच्या खिशातून एक रुपयाही जात नाही. विधवेला महिन्याची पेन्शन सुरू होते, मग त्याची वर्गणी एकाच महिन्याची भरलेली का असेना. हे ऐकल्यावर नवरा-बायकोत त्या रात्री वेगळं बोलणं होतं. जमलं तर एका शनिवारी सुट्टीच्या आधी अर्धा तास सगळ्यांना बसवा आणि प्रत्येकाचं ई-नॉमिनेशन त्याच्याच मोबाइलवर करून घ्या. नॉमिनेशन नसलं की विधवेला वारस दाखल्यासाठी चकरा माराव्या लागतात. त्या मी पाहिल्या आहेत, म्हणून इतकं पोटतिडकीने सांगतोय.

पेन्शनचा विषय निघालाच आहे तर फिटरकाकांचा आकडाही बघा. ईपीएस-९५ मध्ये, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेत, सूत्र असं आहे: पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवा, भागिले ७०. सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेला ६,५०० चीच मर्यादा लागते, त्यानंतरच्या सेवेला १५,००० ची. वीस वर्षांहून जास्त सेवेसाठी मिळणारी दोन वर्षं वाढवून धरली तरी त्यांची पेन्शन महिन्याला पाच हजारांच्या आत बसेल. तीस वर्षं लेथवर आणि फिटिंगच्या बाकावर उभं राहून पाच हजारांच्या आत! बुलढाण्यात ईपीएस-९५ चे निवृत्त कामगार किमान ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता मागत वर्षानुवर्षं साखळी उपोषणाला बसले, ते यासाठी. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवर अडकली आहे. साखर कारखान्यातले, एसटीतले, सूतगिरण्यांतले कितीतरी जण त्यात आहेत. तुमच्याच गल्लीत असतील. पीएफ दाबलेल्या बेसिकवर कापला की ही आधीच तुटपुंजी पेन्शन आणखी खाली जाते. म्हणून वर म्हटलेली दुरुस्ती महिन्याला माणशी सहाशे रुपयांनी महाग पडली तरी करा. आणि १५,००० ची मर्यादा कधीतरी वाढणारच, असं धरून चाला. ती २०,००० झाली तर वीस हजार किंवा त्याहून जास्त वेतनाच्या प्रत्येक माणसामागे तुमच्या वाट्यात आणखी ६०० रुपये येतील. पुढच्या रेटच्या बोलणीत तो कलम आधीच घालून ठेवा.

आता मेडिक्लेम. इथे खरोखर काटछाट करायला वाव आहे आणि माणसं न दुखावता करता येते.

पहिलं म्हणजे टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडून, गेल्या वर्षीच्या क्लेमचा तपशील मागवा. नावं नकोत, वयोगट, नातं आणि रक्कम पुरे. सत्तावीस कुटुंबांच्या लहान ग्रुपमध्ये एखादी अँजिओप्लास्टी, एखादा गुडघ्याचा सांधा झाला की वर्षाचा सगळा क्लेम रेशो बिघडतो. तुमच्याकडेही बहुतेक रक्कम आईवडिलांच्या आजारपणावर गेलेली निघेल. म्हातारी माणसं आजारी पडतात, त्यात कुणाचा दोष नाही. पण सगळ्या ग्रुपचा हप्ता त्याने ठरतो, म्हणून आईवडिलांचं कव्हर वेगळ्या पॉलिसीत काढून बघा. त्याचा अर्धा हप्ता तुम्ही, अर्धा कामगाराने, ज्याला हवं त्याने घ्यायचं, आणि फक्त त्याच पॉलिसीत दहा किंवा वीस टक्के को-पे, म्हणजे बिलातला तेवढा वाटा कामगाराने भरायचा. कामगार, बायको आणि मुलांचं कव्हर मात्र हलवू नका.

आईवडिलांसाठी सरकारी आधार आज पूर्वीपेक्षा बराच मोठा आहे. सत्तरीच्या पुढच्या कुणालाही उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, २९ ऑक्टोबर २०२४ पासून, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून महाराष्ट्रातल्या सर्व रहिवाशांना खुली झाली आहे, तिची मर्यादाही पाच लाखांची. दोन्हींमध्ये अडचण एकच: कोणत्या रुग्णालयात कोणता उपचार होतो ते आधी माहीत असावं लागतं. आजारपणात धावपळ करताना ते कळत नाही. तुमच्या ऑफिसातल्या मुलाला किंवा मुलीला चार दिवस द्या. प्रत्येक कामगाराच्या आईवडिलांची कार्डं काढून घ्या आणि कोल्हापूर-सांगली भागातल्या पॅनेलवरच्या रुग्णालयांची यादी नोटीस बोर्डावर लावा. या चार दिवसांच्या पगारातून वाचणारी रक्कम तुम्हाला पुढच्या रिन्यूअलला दिसेल.

जीएसटीचा मुद्दाही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावरचा जीएसटी माफ झाला, पण मालकाने घेतलेल्या ग्रुप पॉलिसीवर १८ टक्के कायम आहे. म्हणून काही एजंट ‘ग्रुप मोडा, सगळ्यांना वैयक्तिक घेऊन द्या’ असं सुचवतील. घाई करू नका. ग्रुपमध्ये जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात, वैयक्तिक पॉलिसीत त्यांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. मधुमेह-रक्तदाब असलेल्या माणसासाठी ही तीन वर्षं फार लांब असतात. हप्ता उतरवायचा असेल तर त्यापेक्षा मूळ कव्हर पाचवरून तीन लाखांवर आणा आणि वर सुपर टॉप-अप (त्या तीन लाखांच्या पुढचा खर्च देणारी पॉलिसी) घ्या. खोलीभाड्याची मर्यादा घालताना जपून, कारण महागडी खोली घेतली की अनेक पॉलिसींत नुसतं भाडंच नाही तर डॉक्टरची फी नि ऑपरेशनचा आकारही त्याच प्रमाणात कापला जातो, आणि कामगाराला ते डिस्चार्जच्या दिवशी कळतं. तुमच्या वसाहतीतल्या उद्योजक संघटनेतही विचारा. पाचशे-सहाशे माणसांचा एकत्रित ग्रुप असेल तर एका बायपासने हप्ता हलत नाही.

ईएसआयमधल्या १८ जणांना मेडिक्लेमही आहे, म्हणजे दुहेरी खर्च, असं सल्लागार सांगतील. दवाखान्यात औषध नसतं, रांग असते, म्हणून कामगार तिकडे जात नाहीत हे मी जाणतो. पण ईएसआय दवाखान्यापुरतं नसतं. आजारपणाच्या रजेत वर्षातून ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन, बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण वेतन, कामावर अपघात झाला तर ९० टक्के, मृत्यू झाला तर वारसांना पेन्शन. कुठलाही मेडिक्लेम हे देत नाही. पाच वर्षं विमाधारक राहून निवृत्त झालेल्याला तर वर्षाला १२० रुपयांत नवरा-बायकोचे उपचार चालू ठेवता येतात, आणि ही गोष्ट त्यांच्या कानावर कुणी घालत नाही. म्हणून या १८ जणांना मेडिक्लेममधून काढू नका, पण लहान-सहान आजारपणाला आणि रजेच्या पैशांना ईएसआय वापरायची सवय लावा. क्लेम तेवढे कमी होतील.

आणि एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, तीच मला सर्वांत जास्त सतावते आहे. ईएसआयमधल्या माणसाचं बोट मशीनमध्ये गेलं तर भरपाई ईएसआय देतं, तुमच्यावर दावा येत नाही. पण २१,००० च्या वरचे ते नऊ जण ईएसआयमध्ये नाहीत. त्यांच्यातल्या कुणाला अपघात झाला तर नुकसानभरपाई थेट तुम्हाला द्यावी लागेल आणि ती लाखांत असते. मेडिक्लेम फक्त रुग्णालयाचं बिल भरतो. त्या नऊ जणांची वर्कमेन कॉम्पेन्सेशन पॉलिसी आहे का? नसेल तर हे पत्र वाचून झाल्यावर आधी ती घ्या. तिचा हप्ता मेडिक्लेमच्या मानाने किरकोळ असतो.

नवी तीन पोरं बिनधास्त घ्या. प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात दिलेल्या नव्या नोकऱ्यांसाठी मालकाला पैसे मिळतात. १०,००० ते २०,००० पीएफ वेतनाच्या माणसामागे महिना २,०००, आणि उत्पादन क्षेत्राला चार वर्षांपर्यंत. पन्नासहून कमी माणसं असलेल्या कारखान्याने किमान दोन माणसं वाढवायची आणि सहा महिने टिकवायची, एवढी अट. पोराची पहिलीच नोकरी असेल तर त्यालाही दोन टप्प्यांत १५,००० पर्यंत मिळतात. वरचे २,६०० रुपये आठवा. त्यांतले २,००० सरकार चार वर्षं देतंय. मात्र हे सगळं पीएफच्या ईसीआरमधल्या, म्हणजे दरमहा भरायच्या विवरणपत्रातल्या, संख्येवर चालतं. दहा माणसं ठेकेदाराकडे ढकलली की तुमची संख्या घटते आणि ही रक्कम हातची जाते. सल्लागारांना हे एवढं जरूर विचारा.

फिटरकाकांचं काम सप्टेंबरमध्येच हातात घ्या. पीएफचा आणि पेन्शनचा दहा-डीचा अर्ज, आधार आणि बँक खात्यावरचं नाव जुळतंय का ते, जन्मतारीख एकच आहे का ते. याच तीन ठिकाणी पेन्शन सहा-सहा महिने अडकते. ग्रुप मेडिक्लेममधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत त्यांना जाता येतं आणि प्रतीक्षेचा आधीचा काळ त्यात धरला जातो, पण अर्ज ग्रुपमधून नाव निघण्याआधी करायचा असतो. तो त्यांच्याकडून भरून घ्या आणि जमलं तर पहिल्या वर्षाचा हप्ता तुम्ही भरा. टीपीएकडून क्लेमचा तपशील यायला दहा-बारा दिवस लागतात, तेव्हा ती मागणीची ईमेल उद्याच पाठवा आणि तो हातात आल्याशिवाय ५ लाख ६० हजारांच्या कोटेशनला होकार देऊ नका.